पत्ता चुकलेले प्रथिन आणि लहान मुलांचा मूतखडा

मूतखडा म्हटला की आपल्याकडे प्रत्येकाजवळ एक औषध तयार असते. कुणी कुळथाचे कढण सांगतो, कुणी पानफुटीची पाने चावून खायला सांगतो, कुणी शहाळ्याचे पाणी, तर कुणी हळूच कानात बियरचे नाव सांगतो. उन्हातान्हात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाला खडा झाला तर त्यात नवल नाही. बहुतेक खडे लहान असतात, भरपूर पाण्याने आपोआप पडूनही जातात, आणि श्रेय शेवटी ज्याचे औषध चालू असेल त्याला मिळते. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला खडा झाला, तोही दोन्ही मूत्रपिंडांत, आणि काढल्यावर पुन्हा झाला, तर हा विषय कुळथाच्या कढणाचा राहत नाही. अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत मूळ कारण मूत्रपिंडात नसतेच, ते यकृतात असते. आणि यकृताच्या नेहमीच्या तपासण्या करून पाहिल्या तर त्या अगदी ठीक येतात! कारण तेथे बिघडलेला असतो तो एका प्रथिनावरचा पत्ता.

पत्ता हा शब्द मी केवळ समजावून सांगण्यासाठी वापरत नाही. आपल्या शरीरातील प्रथिनांवर खरोखरच पत्ते असतात, ते शास्त्रज्ञांनी वाचले आहेत आणि त्यांच्या नोंदवह्याही तयार केल्या आहेत. या नोंदवह्यांशी सामान्य माणसाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. मलाही त्यांची गरज एका कुटुंबामुळे पडली.

काही वर्षांपूर्वी एक आईवडील सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि इतर तपशील देत नाही.) मुलाच्या सोनोग्राफीत दोन्हीकडे खडे होते. पण आईचे बोलणे सुरू झाले ते थोरल्या मुलीपासून. मुलीला दहाव्या वर्षापासून खडे होत होते, दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि पंधराव्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. या माउलीने आपले एक मूत्रपिंड मुलीला दिले. रोपण उत्तम झाले. पण वर्षाच्या आत त्या नव्या मूत्रपिंडातही तेच खडे, तेच स्फटिक भरले आणि मुलगी पुन्हा डायलिसिसवर गेली. हे सारे एका मोठ्या शहरातील रुग्णालयात झाले होते. फाईल चांगली चार बोटे जाड होती. मी ती दोनदा चाळली, पण खडे का होतात याचा शोध घेणारी एकही तपासणी तिच्यात नव्हती.

आईने विचारले, "डॉक्टरसाहेब, माझीच किडनी खराब होती का हो?"

हा प्रश्न ती तीन वर्षे मनात घेऊन फिरत होती. त्याचे उत्तर नीट द्यायचे तर पेशीच्या आत जावे लागते.

पेशीचे गाव

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली नुसती पिशवी नव्हे. तिच्यात वेगवेगळी दालने असतात आणि प्रत्येक दालनाचे काम ठरलेले असते. केंद्रकात जनुके जपलेली असतात. तंतुकणिकेत अन्नापासून ऊर्जा तयार होते. लयकारिकेत कचऱ्याची विल्हेवाट लागते. परऑक्सिझोम नावाची लहान लहान गोल दालने असतात, त्यांत काही विशिष्ट चरबी आणि काही घातक पदार्थ यांचा निकाल लावला जातो. ही सारी कामे प्रथिने करतात. माणसाच्या जनुकांत सुमारे २० हजार प्रथिनांचे आराखडे आहेत. त्यांतील बहुतेक सारी प्रथिने एकाच प्रकारच्या कारखान्यात तयार होतात आणि मग आपापल्या दालनात जाऊन पोचतात.

कुणी कुठे जायचे हे त्यांना कोण सांगते? या प्रश्नाचा पाठपुरावा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाने केला. त्याने १९७१ साली डेव्हिड सॅबातिनी या सहकाऱ्याबरोबर अशी कल्पना मांडली की, प्रथिनाचे गंतव्यस्थान त्याच्या स्वतःच्या रचनेतच लिहिलेले असावे. १९७५ पर्यंत ती प्रयोगाने बरीचशी सिद्ध झाली. १९९९ साली ब्लोबेलला या कामाबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा गृहस्थ मूळचा जर्मनीचा. १९४५ साली आठ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर पळून जाताना त्याने ड्रेस्डेन शहर पाहिले होते, आणि पुढे थोड्याच दिवसांत ते बाँबहल्ल्यात बेचिराख झाले. नोबेलची जवळजवळ सर्व रक्कम त्याने त्या शहरातील जुने चर्च आणि यहुदी प्रार्थनामंदिर पुन्हा उभारण्यासाठी देऊन टाकली. २०१८ साली तो वारला.

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. ही २० अक्षरांची लिपी समजा. माळेच्या सुरुवातीला, शेवटी किंवा मधेच काही अक्षरे अशी येतात की ती पत्त्याचे काम करतात. मधुमेही वाचकांना इन्सुलिन माहीत आहे. स्वादुपिंडात ते तयार होते तेव्हा ११० अक्षरांची माळ असते आणि तिच्या अगदी आरंभीची २४ अक्षरे म्हणजे निव्वळ पत्ता असतो. 'मला बाहेर जाणाऱ्या वाटेला लावा' एवढाच त्याचा अर्थ. वाटेला लागताच ही २४ अक्षरे कापून टाकली जातात, पाकीट फाडून आतले पत्र घ्यावे तशी. पुढे मधला आणखी एक तुकडा काढला जातो. तो म्हणजे सी-पेप्टाइड, ज्याची रक्ततपासणी काही मधुमेहींना करायला सांगतात. या २४ अक्षरांत एखादे भलतेच अक्षर पडले तर तान्ह्या बाळालाही मधुमेह होऊ शकतो, अशी उदाहरणे नोंदलेली आहेत.

परऑक्सिझोमचा पत्ता तर अवघ्या तीन अक्षरांचा निघाला, आणि तो सापडला काजव्यामुळे! काजव्याच्या पोटाशी जो प्रकाश पडतो तो एका प्रथिनामुळे पडतो. कॅलिफोर्नियात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेश सुब्रमणी आणि त्यांचे विद्यार्थी स्टीफन गूल्ड यांच्या गटाने १९८७ साली दाखवले की, काजव्याचे हे प्रथिन माकडाच्या पेशीत तयार करवले तर ते तेथेही नेमके परऑक्सिझोममध्येच जाऊन बसते. काजवा कुठे आणि माकड कुठे, पण पत्त्याची लिपी एकच. मग माळेचा एकेक भाग तोडून पाहता पाहता १९८९ पर्यंत हे पक्के झाले की, पत्ता माळेच्या अगदी शेवटी आहे आणि तो सेरिन, लायसिन, ल्युसिन या तीन अक्षरांचा आहे.

येथे मला आपल्या पिनकोडची आठवण होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. (ते संस्कृतचे मोठे कवीही होते.) सहा आकड्यांपैकी पहिले आकडे विभाग आणि जिल्हा सांगतात, आणि नेमके कोणते पोस्ट ऑफिस ते शेवटच्या तीन आकड्यांवरून कळते. पत्रावर गावाचे नाव कितीही सुंदर अक्षरात लिहा, शेवटचे आकडे चुकले की पत्र फिरत राहते.

एका पाकिटावर दोन पत्ते

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. आपल्या यकृतात ग्लायॉक्सिलेट नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. तो तसाच राहिला तर त्याचे ऑक्झलेट होते, आणि ऑक्झलेट व कॅल्शियम एकत्र आले की मूतखडा. हे टळावे म्हणून यकृताच्या परऑक्सिझोममध्ये एक प्रथिन पहाऱ्याला बसवलेले असते. त्याचे लांबलचक नाव सोडून देऊ, शास्त्रज्ञही त्याला 'एजीटी' एवढेच म्हणतात. हे एजीटी ग्लायॉक्सिलेटचे रूपांतर ग्लायसिन या निरुपद्रवी पदार्थात करून टाकते. ते नसेल तर शरीरात ऑक्झलेटचा पूर येतो. या जन्मजात रोगाला प्राथमिक हायपरऑक्झल्युरिया, प्रकार पहिला, असे म्हणतात. रोग दुर्मिळ आहे. दहा लाख लोकांत एक ते तीन रुग्ण असा अंदाज दिला जातो.

लंडनमधील ख्रिस्तोफर डॅनप्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली या रुग्णांच्या यकृतात एजीटीचा बिघाड असल्याचे दाखवले. पुढे त्यांना काही चमत्कारिक रुग्ण भेटले. त्यांच्या यकृतात एजीटी होते, ते कामही करत होते, तरी रोग मात्र पूर्ण होता! पहारेकरी हजर, शुद्धीवर, हातात काठी, आणि घरात चोरी. हे कसे? १९८९ साली उत्तर मिळाले. पहारेकरी चुकीच्या घरासमोर उभा होता. परऑक्सिझोमऐवजी ते प्रथिन तंतुकणिकेत जाऊन बसले होते.

एजीटीची माळ ३९२ अक्षरांची आहे. तिच्या शेवटी परऑक्सिझोमचा तीन अक्षरी पत्ता असतो, आणि या रुग्णांत तो शाबूतच होता. पण माळेत अकराव्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन आले होते आणि त्या एका अक्षराने आरंभाच्या भागाला तंतुकणिकेच्या पत्त्याचे रूप आले होते. म्हणजे एकाच पाकिटावर पुढे एक पत्ता आणि मागे दुसरा! खरे तर अकराव्या जागेचा हा बदल युरोपात कितीतरी निरोगी माणसांतही असतो आणि त्यांना काही होत नाही. याचे कारण मोठे मजेचे आहे. तंतुकणिकेचे दार अरुंद असते. सरळ, उलगडलेली माळच तेथून आत जाऊ शकते. परऑक्सिझोमला मात्र घडी घातलेले प्रथिनही चालते. निरोगी माणसात एजीटीची घडी चटकन बसते, त्यामुळे तंतुकणिकेचे दार त्याला बंद होते आणि जेमतेम ५ टक्के माल तिकडे जातो. पण त्याच माळेत १७०व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आले तर घडी बसायला उशीर लागतो. तेवढ्या उशिरात पुढचा पत्ता वाचला जातो आणि सुमारे ९० टक्के एजीटी तंतुकणिकेत ओढले जाते. एक चूक सोसली गेली असती, दुसरी जोडीला आली आणि घात झाला. २०१३ साली असेही दिसून आले की या रोगात वरचेवर आढळणाऱ्या आणखी काही बदलांतही हाच छुपा पत्ता उघडा पडतो.

आपल्याकडे घरोघरी शाकाहार-मांसाहाराचे वाद चालतात, त्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. मांजरासारख्या मांसाहारी प्राण्यांत एजीटी मुख्यतः तंतुकणिकेतच असते. सशासारख्या पाला खाणाऱ्यांत ते परऑक्सिझोममध्ये असते. सर्व काही खाणाऱ्या उंदरात दोन्हीकडे. कारण मांसातून येणारा कच्चा माल तंतुकणिकेत ग्लायॉक्सिलेट तयार करतो आणि पाल्यातून येणारा परऑक्सिझोममध्ये. पहारा जेथे धोका तेथे. माणसाचे एजीटी सशासारखे परऑक्सिझोममध्ये आहे. त्यावरून आपले फार प्राचीन पूर्वज पालाफळे खाऊन राहत असावेत, असे डॅनप्युअर यांनी सुचवले आहे. आज आपण काय खावे याचा निकाल मात्र यातून लागत नाही, तेव्हा वाद चालू ठेवायला हरकत नाही.

पत्त्यांची नोंदवही

त्या मुलाची चोवीस तासांची लघवी आम्ही तपासायला पाठवली. तिच्यातील ऑक्झलेट फार वाढलेले निघाले. मग रक्त जनुक-तपासणीसाठी शहरात गेले. काही आठवड्यांनी आलेल्या अहवालात दोन ओळी ठळक होत्या. अकराव्या जागी ल्युसिन, १७०व्या जागी आर्जिनिन, आणि तेही आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. पूर्वी असा कागद हाती आला असता तर आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरने तो घडी करून मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला असता. आता आम्ही दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर नोंदवही उघडून पाहू शकतो. एजीटीच्या पानावर शेवटच्या तीन अक्षरांपुढे स्पष्ट लिहिलेले असते की हा परऑक्सिझोमचा पत्ता आहे. १७०व्या अक्षरापुढे लिहिलेले असते की हे बदलले तर प्रथिन तंतुकणिकेत जाते. हे कोणी, कधी, कोणत्या प्रयोगाने दाखवले तेही तेथेच असते. एक पैसा लागत नाही.

ही मोठी नोंदवही १९८६ साली जिनिव्हाच्या आमोस बैरोक नावाच्या एका विद्यार्थ्याने सुरू केली. तिचे नाव स्विस-प्रॉट. प्रथिनांवरचे शोधनिबंध माणसांनी बसून वाचायचे आणि प्रत्येक प्रथिनाची माहिती एका पानावर नीट टिपायची, असे हे कारकुनी वाटणारे काम. १९९६ साली तिचे सरकारी अनुदान संपले आणि ती बंद पडायची वेळ आली. तेव्हा बैरोक यांनी इंटरनेटवरून जगभरच्या वापरणाऱ्यांना हाक घातली. पाठिंब्याची पत्रे देशोदेशींहून येऊन पडली, आणि त्यातूनच १९९८ साली तेथे या कामासाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. २००२ साली इंग्लंड आणि अमेरिकेतील अशाच संस्थांशी मिळून तिची 'युनिप्रॉट' ही नोंदवही झाली. नवा शोध लावणाऱ्याचा फोटो छापून येतो, टिपणे ठेवणाऱ्याचा येत नाही. माझ्या मते निम्मे श्रेय टिपणे ठेवणाऱ्यांचे आहे.

केवळ पत्त्यांना वाहिलेल्या लहान नोंदवह्याही आहेत. अमेरिकेत ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रात तयार झालेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली 'लॉकसिगडीबी' त्यांपैकी एक. पेशीतील आठ ठिकाणांचे, प्रयोगाने सिद्ध झालेले पत्ते तिच्यात गोळा केले आहेत. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी उलट बाजूने सुरुवात केली. प्रथिन प्रत्यक्षात कुठे बसले आहे याची छायाचित्रेच त्यांनी घेतली. २०१७ साली त्यांनी १२ हजारांवर प्रथिनांच्या जागा जाहीर केल्या, तेव्हा जवळजवळ निम्मी प्रथिने एकाहून अधिक ठिकाणी आढळली.

एवढी वही हवीच कशाला, कॉम्प्युटरला तीन अक्षरे शोधायला सांगितली की झाले, असे एका तरुण मित्राने मला विचारले. तसे होत नाही. तीन अक्षरे योगायोगाने कुठेही येऊ शकतात. 'सातारा' हा शब्द पाकिटावर दिसला म्हणून पत्र साताऱ्याचेच असेल असे नाही, ते पुण्याच्या सातारा रोडचेही असेल. एजीटीचीच शेवटची तीन अक्षरे घ्या. ती काजव्याच्या पत्त्याहून थोडी वेगळी आहेत, सेरिनच्या जागी लायसिन आहे. एजीटीमध्ये ती काम करतात, पण तीच तीन अक्षरे दुसऱ्या प्रथिनाच्या शेपटाला लावून पाहिली तेव्हा चालली नाहीत. आजूबाजूचा मजकूरही लागतो. अंदाज सांगणारे कॉम्प्युटर-कार्यक्रम आहेत, डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला 'सिग्नलपी' त्यांत नावाजलेला आहे. पण अंदाज आणि प्रयोगाने पटलेली गोष्ट यांचा रकाना वेगळा ठेवावाच लागतो. चांगल्या नोंदवहीत तो वेगळा असतो, आणि रुग्णाच्या बाबतीत मी पहिल्यांदा तोच पाहतो.

गोळी कोणाला लागू पडते

पत्ता कळला, पण उपयोग काय? या मुलाच्या बाबतीत उपयोग फार मोठा झाला. एजीटीला काम करताना ब-६ या जीवनसत्त्वाची जोड लागते. १७०व्या अक्षराचा बदल असलेल्या रुग्णांना ब-६ दिले तर त्यांतील अनेकांचे ऑक्झलेट चांगले खाली येते, कारण प्रथिनाची घडी लवकर बसते आणि अधिक माल योग्य दालनात पोचतो. दुसरा एखादा बदल असता तर कदाचित या गोळीचा काहीच उपयोग झाला नसता. त्या अहवालातील एका ओळीने हे ठरवले. मुलाला बालमूत्ररोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ब-६, खडे विरघळते ठेवणारे सायट्रेटचे औषध आणि भरपूर पाणी सुरू झाले. भरपूर म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटर, रात्रीही उठवून. शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि तासाला लघवीला सोडावे, अशी चिठ्ठी मी त्याच्या बाईंना लिहून दिली. चार महिन्यांनी ऑक्झलेट निम्म्याहून खाली आले. मूत्रपिंडे आज काम करत आहेत.

बहिणीचाही अहवाल तोच निघाला. ती डायलिसिसवर आहे आणि तिचे नाव रोपणाच्या यादीत आहे. पहिल्या रोपणाच्या वेळी नवे मूत्रपिंड मिळाले, पण यकृत जुनेच होते. तेथून ऑक्झलेटचा पूर येतच राहिला. म्हणूनच या रोगात बहुधा यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बदलावी लागतात. हाच बदल असलेल्या काही रुग्णांत ब-६ चालू ठेवून नुसते मूत्रपिंडही टिकल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. तिच्यासाठी काय करायचे ते तज्ज्ञ ठरवतील. आईला मी सांगितले, "ताई, तुमची किडनी चांगलीच होती. तिच्यावर जो मारा झाला त्यापुढे कोणाचीच टिकली नसती." त्या काही बोलल्या नाहीत. वडिलांनी मात्र विचारले की मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणून असे झाले का? हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच रोग होतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो हे खरे, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या मुलांनाही हा रोग होतो. अशा आईवडिलांच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. घरात एक रुग्ण सापडला की भावंडांची तपासणी खडे होण्याची वाट न पाहता करावी.

नोव्हेंबर २०२० मध्ये युरोप आणि अमेरिकेत 'लुमासिरान' नावाचे इंजेक्शन मंजूर झाले. ग्लायॉक्सिलेट तयार करणारी एक आधीची पायरीच ते यकृतात थोपवते. या औषधालाही शास्त्रज्ञांनी एक पत्ता लावला आहे. एका विशिष्ट साखरेचे रेणू त्याला जोडले आहेत आणि ते यकृताच्या पेशीच ओळखतात, त्यामुळे त्वचेखाली टोचलेले औषध बरोबर यकृतात जाते. किंमत मात्र आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नाही.

हे वाचून मूतखडा झालेल्या प्रत्येकाने घाबरण्याचे कारण नाही, आणि कृपा करून कोणी ब-६ च्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यांनी हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. पण लहान वयात पहिला खडा, दोन्ही बाजूंना खडे, वरचेवर खडे, मूत्रपिंडाच्या आतच कॅल्शियम साठल्याचा सोनोग्राफीचा शेरा, किंवा घरात कोणाची मूत्रपिंडे कमी वयात खड्यांमुळे निकामी झालेली, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना ऑक्झलेटच्या तपासणीविषयी जरूर विचारावे. मोठ्या माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत ते साधारण ४५ मिलीग्रॅमच्या आत असते. या रोगात ते बहुधा त्याच्या दुपटीपेक्षाही जास्त निघते. लघवी जमवताना पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची. प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात आम्ल असते, तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. पडलेला खडा फेकून न देता तपासायला द्यावा. मूत्रपिंडे फार मंदावली असतील तर लघवीतले ऑक्झलेट फसवे कमी दिसते, तेव्हा रक्तातले पाहावे लागते.

जनुकाचा अहवाल आला आणि त्यात 'या बदलाचा अर्थ निश्चित नाही' असा शेरा असला तर तो कागद निराश होऊन माळ्यावर टाकू नये. एजीटीच्या जनुकात आतापर्यंत २०० हून अधिक बदल सापडले आहेत आणि सर्वांचा अर्थ एकदम लागलेला नाही. नोंदवहीत दर काही महिन्यांनी नवी भर पडते. अहवालाची एक झेरॉक्स डॉक्टरांकडे आणि मूळ प्रत घरी ठेवावी, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला जाल तेव्हा या ओळीबद्दल काही नवे कळले का, एवढे आवर्जून विचारावे.